टिटवी वेळेआधी येते

अमरावती, ११ डिसेंबर २०११

जानराव काकाजी,

वर तीर्थरूप लिहायला हात उचलला आणि परत खाली ठेवला. सात वर्षांत सवय मोडली असं समजा.

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, तारमास्तरचं. 'टिटवी उतरणीला लागली. इंटरनेट नाही. वेळा कळवशील काय?' मोजून आठ शब्द. अकोल्याच्या तार ऑफिसातून रिटायर होऊन तुम्हाला वीस वर्षं झाली, पण शब्द वाचवायची खोड गेली नाही. बाबा गेले त्याबद्दल दोन शब्द चालले असते. असो.

काल आमच्या घरमालकीण खुर्शीदबी गच्चीवर कपडे वाळत घालताना विचारत होत्या की तू रोज ही अँटेनाची काठी घेऊन काय करतेस. त्यांना सांगितलं, मिठाईच्या खोक्याएवढा एक उपग्रह आहे, त्याचं नाव टिटवी. पुण्याच्या एका कॉलेजातल्या पोरांनी सात वर्षांपूर्वी वर पाठवला. तो फिरता फिरता मोर्समध्ये आपलं नाव सांगतो, बॅटरी सांगतो, अंगाचं तापमान सांगतो, आणि आमच्यासारखे हौशी रेडिओवाले खाली बसून ते टिपतात. आता तो दर फेरीला खाली सरकतोय, महिनाभरात जळून जाणार. त्या म्हणाल्या, "मरनेवाले का हाल पूछने को इतनी बडी लकडी लेके खडी रहती क्या?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

तर वेळा कळवीन. मोबाइल तुम्ही घेतला नाही, आणि काकूंकडून कळलं की आता फोनवरचं बोलणं तुम्हाला ऐकूही येत नाही. मग चिठ्ठीच बरी. बडनेऱ्याच्या पार्सल ऑफिसातले कुर्बानभाई तुमच्याच गल्लीतले, रोज अकोला-बडनेरा अपडाऊन करतात. माझा क्लास चारला सुटतो. मी स्कूटीवरून बडनेऱ्याला जाऊन त्यांच्या हाती दुसऱ्या दिवशीच्या वेळा देत जाईन, संध्याकाळी तुमच्या दारात पोचतील. कोचिंग क्लासच्या ऑफिसात इंटरनेट आहे. फिजिक्सच्या मॅडमला कोणी हटकत नाही.

हे मी का करतेय ते विचारू नका. तुम्हीही मला कधी काही सांगितलं नाही.

नीलम तायडे


२५ डिसेंबर २०११

काकाजी,

पंधरा दिवसांच्या तुमच्या नोंदी कुर्बानभाईंनी आणून दिल्या. एकही फेरी चुकली नाही. कान गेल्यावर तुम्ही स्पीकरच्या कागदावर बोट ठेवून मोर्स वाचता हे काकूंनी सांगितलं तेव्हा मला थाप वाटली होती. मी घरी करून पाहिलं, मला नुसती गुदगुली झाली. मानलं तुम्हाला. मानण्यासारखं मानते मी, तो माझा दोष नाही.

पण कालच्या नोंदीमागे तुम्ही जे लिहिलंत त्यानं डोकं फिरलं. 'तुझा कान चांगला. पहिल्या दिवशीही माझ्याआधी तूच ऐकलं असशील.'

असशील?

काकाजी, मी ऐकलं होतं. १९ जानेवारी २००५. भातकुलीला आमच्या घराच्या स्लॅबवर, गवंड्याची पोलादी मोजपट्टी कापून बांबूवर ठोकलेला अँटेना हातात धरून. टिटवीला वर जाऊन एक दिवस झाला होता आणि ती जिवंत आहे की नाही हे पृथ्वीवर कोणालाच ठाऊक नव्हतं. सकाळी सहा बावन्नला ती बोलली. बाबा खाली टपालाची थैली भरत होते, मी वरून ओरडले तर त्यांच्या हातातला शिक्का खाली पडला.

त्या सालात आमच्या तालुक्यात गाड्यांवर गाड्या यायच्या. कोणत्या शेतकऱ्याच्या घरात कोणी फवारणीचं औषध घेतलं ते विचारत पत्रकार हिंडायचे. त्याच आठवड्यात त्यातला एक मला स्लॅबवर पाहून थांबला आणि विचारू लागला, या घरात कोण गेलं? मी म्हटलं, "कोनी नाई गेलं, मी उपग्रह ऐकून राहिली." त्यानं वही मिटली आणि पुढच्या घरी गेला. बाबांच्या थैलीत तेव्हा सरकारी लिफाफे फार असायचे, आणि ते घेऊन त्या घरांच्या पायऱ्या चढायला त्यांचे पाय उचलत नसत. म्हणून माझ्या टपालाची त्यांना एवढी हौस. पुण्याच्या पोरांनी जाहीर केलं होतं, पहिला आवाज टिपेल त्याला टिटवीचं कार्ड आणि सहा महिने त्यांच्या केंद्रात काम. बाबांनी कार्ड यायच्या आधीच सागाची चौकट करून आणली.

आपल्या हौशी रेडिओ क्लबचा रिवाज असा की सगळ्यांच्या नोंदी अध्यक्षांच्या सहीनं एकाच लिफाफ्यात जायच्या. अध्यक्ष तुम्ही. माझी नोंद मी अकोल्याला तुमच्या टेबलावर ठेवून आले.

पुण्याहून कार्ड आलं नाही. टाइप केलेली एक ओळ आली: 'कु. तायडे यांची नोंद काल्पनिक दिसते. दिलेल्या वेळी उपग्रह पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस होता.' ते पाकीट आमच्या घरी कोणी आणलं असेल? बाबांनीच. भातकुलीला दुसरा पोस्टमन नव्हता.

चूक माझीच होती, ती मी कधी नाकारली नाही. रकान्यावर जागतिक वेळ असं छापलेलं होतं आणि मी मनगटावरच्या घड्याळातली वेळ लिहिली. साडेपाच तास वजा करायचे राहिले. नवशिक्या रेडिओवाल्याची ही ठरलेली चूक. बावीस वर्षांची होते. पहिला मान तुम्हाला मिळाला, सहा चोपन्नला, माझ्यामागून दोन मिनिटांनी. आणि तुमचं वय झालं म्हणून सहा महिने पुण्याला गेला तुमचा भाचा पिंटू, ज्याला मोर्समधलं स्वतःचं नाव ओळखू येत नव्हतं.

उद्याच्या वेळा सोबत आहेत.

नीलम


५ जानेवारी २०१२

काकाजी,

मागच्या पत्राला तुम्ही उत्तर दिलं नाही. ठीक. नोंदी मात्र येताहेत.

टिटवी आता रोज वेळेआधी येते. क्लासमधल्या पोरांना हे पटत नाही. हवेला घासून वेग कमी व्हायला हवा ना मॅडम, मग ती उशिरा यायला हवी. मी त्यांना तुमचंच सांगितलं, खाली उतरलं की फेरी लहान होते आणि चाल वाढते. "पडनारं घाई करते," असं तुम्ही म्हणायचे. म्हणून इंटरनेटवर मिळणाऱ्या कक्षेच्या परवाच्या आकड्यांवरून आजची वेळ काढली तर आपण काठी घेऊन उभे राहीपर्यंत ती दक्षिणेला बुडालेली असते. मी रोज दुपारी ताजे आकडे घेते, त्यातून उद्याची घसरण वजा करते, आणि चिठ्ठीच्या खाली 'आकडे अमुक तारखेचे' ही ओळ लिहिते. तीही तुमचीच शिकवण. ती ओळ नसेल ती चिठ्ठी चुलीत घाला, म्हणायचे तुम्ही.

कुर्बानभाई सांगत होते की शेवटची फेरी बोटाला लागली की तुम्ही रेडिओ झाकून ठेवणार, कायमचा. "मंग काय ऐकाचं राह्यलं," असं म्हणालात म्हणे. तुम्ही नेहमी पाच मिनिटं आधी बसता, तेही मला माहीत आहे.

चुकू देणार नाही तुमची फेरी. काळजी नको.

नीलम


११ जानेवारी २०१२
(हे पत्र कुर्बानभाईंकडे दिलेलं नाही. देईन तेव्हा देईन.)

जानराव मास्तर,

काकाजी लिहायची आज गरज नाही.

बाबा गेले त्याला अडीच वर्षं झाली. त्यांच्या पुण्यानुमोदनाला भातकुलीला तुमच्या घरून पार्बताकाकू एकट्याच आल्या होत्या, एसटीनं, दोन गाड्या बदलून. सगळे जेवून गेल्यावर माझ्याजवळ चुलीपाशी बसल्या. भिंतीवरची रिकामी चौकट पाहून त्यांनी विचारलं की यात कोणाचा फोटो लावायचा आहे. मी सांगितलं. तेव्हा त्या रडायला लागल्या आणि बोलून गेल्या.

"बाई, त्यायले दिसलं होतं तुयं चुकलेलं. कागद दोन दिवस टेबलावरच होता. मी म्हटलं पोरीले निरोप धाडा, साडेपाच तासाचा तं फरक हाय. ते म्हने, लोकाच्या वहीत हात घालाचा नसते. अन् तायड्याच्या पोरीले पुण्यात कोन ईचारते."

दुसऱ्याच्या नोंदीत हात घालायचा नाही, हा तुम्ही मला शिकवलेला पहिला धडा. मी तो देवळातल्यासारखा मानला. पण हात घालू नका म्हटलं होतं, तोंड उघडू नका असं कुठे होतं? भातकुलीला एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर दुसऱ्या दिवशी ते बाबांच्याच हाती पडलं असतं. त्याच पेनानं तुम्ही माझ्या कागदाखाली अध्यक्ष म्हणून सही केलीत आणि मला खोटी ठरवायला पाठवून दिलंत. खोटं एक अक्षर लिहिलं नाहीत. एक वाक्य फक्त बोलला नाहीत.

बाबा रोज थैली उपडी केली की आधी पुण्याचा शिक्का शोधायचे. चार वर्षं. मी म्हणायची, बाबा सोडा आता. ते म्हणायचे, "टपाल कवा कवा गोल फिरून येते." पोस्टमनला आणखी काय माहीत असणार.

तेव्हापासून मी वाट पाहतेय. मला वाटलं होतं मला अकोल्याला येऊन तुमच्या दारात उभं राहावं लागेल. तुम्हीच पोस्टकार्ड पाठवलंत. दगडाखाली हात तुमचा आला, मी काय करू?

परवा सकाळची फेरी शेवटची असेल असं आकडे सांगतात. उद्याची चिठ्ठी मी नऊ तारखेच्या आकड्यांवर काढणार आहे, घसरण वजा न करता. खोटं एक अक्षर लिहिणार नाही. खालची एक ओळ फक्त लिहिणार नाही.

नीलम पुंजाजी तायडे


१२ जानेवारी २०१२

काकाजी,

उद्या शुक्रवार, १३ जानेवारी. बहुधा शेवटची फेरी.
उगवेल सकाळी ७:४२. मावळेल ७:४७. उत्तरेकडून दक्षिणेकडे, जवळजवळ डोक्यावरून.

नी. पुं. तायडे (सही)


१३ जानेवारी २०१२

जानराव मास्तर,

सात सव्वीसला उगवली. सात एकतीसला मावळली.

वीज सकाळी सहालाच गेली होती, भारनियमनाला टिटवीचं काय पडलंय. रेकॉर्डिंगचा टेप बंद. स्कूटीची बॅटरी काढून रेडिओला जोडली, डाव्या हातात काठी, उजव्यात पेन्सिल, वही पाण्याच्या टाकीवर. पाण्यावर येणारी टिटवी असते तशीच आली, घाईत. सूर चढा होता, डोक्यावरून जाताना उतरला. नाव दोनदा, बॅटरी, मग अंगाचं तापमान. एरवी चाळीसच्या आतबाहेर असायचं. आज एकाहत्तर. तीनदा सांगितलं तिनं, तिन्ही वेळा एकाहत्तर. तिसऱ्यांदा सांगून ती बडनेऱ्याच्या बाजूला बुडाली. पुढच्या फेरीला मी दीड तासानं पुन्हा उभी राहिले, कोणी आलं नाही.

खुर्शीदबी जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, गई क्या? मी गई म्हटलं, तर त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

तुम्ही सात सदतीसला बसला असाल. बोट स्पीकरवर ठेवलं असेल. ती तुमच्या छपरावरून जाऊन तेव्हा सहा मिनिटं झाली होती. कसं वाटतं, मास्तर? कागदावर एक वेळ आणि आकाशात दुसरी. मला ही चव सात वर्षं तोंडात आहे.

हो, मुद्दाम केलं. चिठ्ठी जुन्या आकड्यांवर काढली आणि तारखेची ओळ गाळली. का केलं ते सोबतच्या अकरा तारखेच्या पत्रात आहे, तेही आता देते. काकूंना बोलू नका. त्या घरात खरं बोलणारं तेवढं एकच माणूस आहे.

पहिला आवाज माझा होता, तो तुम्ही घेतलात. शेवटचा माझाच राहिला. रेडिओ झाकून ठेवा आता खुशाल.

नीलम पुंजाजी तायडे


२१ जानेवारी २०१२

मास्तर,

पुण्याहून ईमेल आलाय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात माझा आहे.

शेवटच्या आवाजाचा दावा करणारे त्यांच्याकडे पाच जण. तिघांचं उघड खोटं निघालं, एकाची फेरी आदल्या दिवशीची. राहिले मी. पण टिटवी नेमकी कोणत्या फेरीत जळाली ते कोणालाच सांगता येत नाही, म्हणून त्यांनी नियम केलाय की त्याच आकाशाखालच्या दुसऱ्या एका स्टेशनची साक्ष हवी. अमरावतीवरून जाणारी टिटवी आणखी कोण ऐकू शकत होतं? अख्ख्या वऱ्हाडात त्या सकाळी तयार असलेलं दुसरं स्टेशन एकच. मी स्वतःच्या हातानं बहिरं केलेलं.

आणि तुमची नोंद त्यांना पोचली आहे, रजिस्टर्ड टपालानं. त्यांनी मला तिची प्रत पाठवली. 'सकाळी ७:३७ ते ७:५५ बसलो. बोट स्पीकरवर. काहीही नाही. वेळेचा आधार: सोबतची चिठ्ठी, स्टेशन तायडे, सहीसकट.' माझी चिठ्ठी तुम्ही टाचणी लावून जोडलीत. आधार जोडावा हा नियमच आहे. नियमाबाहेर तुम्ही कधी गेलात?

पुण्याचे विचारतात, आपल्या सहीच्या कागदाप्रमाणे उपग्रह ७:४२ला येणार होता, मग आपण ७:२६ला अँटेना घेऊन कशा उभ्या होतात? आणि खाली: २००५ सालची आपली नोंदही काल्पनिक ठरली होती, हे आमच्या फाइलीत आहे. आठ दिवसांत खुलासा करावा.

काल पार्सल ऑफिसात कुर्बानभाईंना धरलं, त्या दिवशी तुमच्या घरी काय झालं ते सांगा म्हणून. ते टाळत होते, मग काकूंकडून ऐकलेलं सांगितलं. तुम्ही सव्वासातलाच आंघोळ करून, टोपी घालून रेडिओसमोर बसला होतात. काकू म्हणाल्या, लावा ना मंग. तुम्ही म्हणालात, "चिठ्ठीत लिवलं तवाच लावीन." बावीस मिनिटं तुम्ही बंद पेटीसमोर हात मांडीवर ठेवून बसलात.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. तारखेची ओळ नाही हे तुमच्या नजरेतून कसं सुटेल? बटण दाबलं असतं तर टिटवी तुमच्या बोटाखाली आली असती. तुम्ही दाबलं नाही. माझी चिठ्ठी तुम्ही अक्षराला अक्षर पाळलीत.

वर कुर्बानभाईंबरोबर निरोप. "मास्तर बोले, नीलम को बोलना, फिट्टंफाट." माझी तेरा तारखेची कबुली तुम्ही पुण्याला पाठवली नाही, हेही त्यांनी सांगितलं. कपाटात ठेवली म्हणे. लोकाच्या वहीत हात घालायचा नाही ना.

तुमचं फिट्टंफाट तुमच्याजवळ ठेवा. तुमची एक सकाळ गेली. बाबांची चार वर्षं गेली. ही कसली बरोबरी?

नीलम


२५ जानेवारी २०१२

जानराव काकाजी,

चार दिवस क्लासला गेले नाही. ताप आहे असं कळवलं, आणि एका परीनं होताही, एकाहत्तर.

मला दोनच वाटा होत्या. गप्प बसले तर टिटवीची शेवटची पाच मिनिटं काल्पनिक ठरणार. पुण्याच्या पोरांना तो तापमानाचा आकडाच हवा होता, पुढच्या उपग्रहाची पेटी त्यावरून बनवायची आहे. आकडा खरा आहे आणि माझ्या नावामुळे तो खोट्यात जमा होणार. बोलले तर मी काय केलं ते सगळ्यांना कळणार. एकट्या म्हाताऱ्या, बहिऱ्या माणसाला, त्यानं विश्वासानं मागितलेली वेळ मुद्दाम चुकीची दिली. आपल्या हौशी लोकांत याहून हलकं काम नाही. खून परवडला.

मी बोलले. काल पुण्याला खुलासा पाठवला, प्रत सोबत आहे, वाचा. चिठ्ठी नऊ तारखेच्या आकड्यांवर काढली, तारखेची ओळ जाणूनबुजून गाळली, कारण वैयक्तिक सूड, हे सगळं साध्या शब्दांत लिहिलंय. ताज्या आकड्यांचा माझा कागद जोडलाय, त्यात ७:२६ आहे. नऊ तारखेच्या आकड्यांवर गणित करून पाहा, माझ्या चिठ्ठीतली ७:४२ येते की नाही, असंही लिहिलंय. आज सकाळी त्यांचं उत्तर आलं. गणित जुळलं. नोंद मान्य. माझ्या नावापुढे शेरा राहील, 'सहकारी स्टेशनची दिशाभूल', आणि त्यांच्या पुढच्या उपग्रहाच्या कामात मला घेणार नाहीत. पुन्हा एकदा पुणं नाहीच. या वेळेला निदान गुन्हा केल्यावर शिक्षा झाली.

हे मी मोठ्या मनानं केलं असं काकूंना सांगू नका. माझं मन तेवढं मोठं नाही. लिहिताना प्रत्येक ओळीला मला तुमचं तोंड दिसत होतं. कबुली कशी लिहितात ते तुम्हाला दाखवायचं होतं. तुम्हाला सात वर्षांत जमलं नाही, मला चार दिवस लागले.

आता ऐका. मी त्या सकाळी खोटी नव्हते हे सिद्ध करणारा एकच माणूस जिवंत आहे. १९ जानेवारी २००५ला त्या आकाशाखाली आपण दोघंच होतो. तुमची सहा चोपन्नची नोंद हीच माझ्या सहा बावन्नची साक्ष आहे. दोन मिनिटांचं अंतर, तीच टिटवी, तीच फेरी. पुण्याच्या फाइलीत दोन्ही कागद एकाच लिफाफ्यात पडून आहेत, शेजारी शेजारी. कोणी तरी सांगायला हवं की एकावर जागतिक वेळ आहे आणि दुसऱ्यावर घड्याळातली. तुम्ही ते पहिल्या दिवशी पाहिलं होतं.

मला तुमची माफी नको. काकूंच्या हातची पुरणपोळी नको, कुर्बानभाईंबरोबर निरोप नको, आणि फिट्टंफाट तर नकोच. बाबा गेलेत, चौकट अजून भातकुलीला भिंतीवर आहे. मला एक कागद हवाय, तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीचा. 'नोंद खरी होती. चूक मला दिसली होती. मी सांगितली नाही.' हे दहा शब्द आहेत, तुमच्या पोस्टकार्डाहून दोनच जास्त, तुम्हाला जड जाऊ नयेत.

नोंदीचा कोरा फॉर्म सोबत ठेवलाय. पुण्याचा पत्ता पाकिटावर लिहून दिलाय, तिकीट लावलंय. कुर्बानभाईंना सांगितलंय की आज चहा न पिता उठायचं नाही, तुम्ही लिहीपर्यंत ओट्यावर बसायचं. बाबांसारखंच टपालासाठी थांबायचं काम एका दिवसापुरतं त्यांना दिलंय.

माझी वेळ मी दुरुस्त केली. आता तुमची करा. आणि मास्तर, रकान्यावर काय छापलंय ते नीट पाहून लिहा. साडेपाच तास वजा करायला विसरू नका.

नीलम पुंजाजी तायडे